तारेचा कान

दुसऱ्याने केलेली दुरुस्ती उघडली की आधी त्याला एक शिवी हासडायची, हा या धंद्यातला जुना रिवाज. शिवी मोठ्याने द्यावी लागत नाही, मनातल्या मनात दिली तरी भागतं. पण दिल्याशिवाय हात चालत नाही. तो ज्यांच्या हाताखाली शिकला ते वस्ताद द्यायचे, आणि वस्तादांची कामं पुढे ज्यांनी उघडली त्यांनी वस्तादांनाही दिल्या असणारच. म्हणून मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, दातांच्या डॉक्टरने आणून दिलेला एका जुन्या पिनबॉल मशीनचा काळवंडलेला सर्किट बोर्ड भिंगाच्या दिव्याखाली घेऊन, स्पिरिटात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने काजळी घासता घासता, फ्यूजच्या जागी फ्यूज नाहीच, सरळ तारेचा एक तुकडा आडवा टाकलाय असं दिसल्याबरोबर त्याने रिवाजाप्रमाणे सुरुवात केली. "कोण गाढव," तो म्हणाला, आणि पुढचे शब्द तोंडातच राहिले. ब्रशच्या पुढच्या फेऱ्यात तारेच्या डाव्या टोकावरची काजळी निघाली होती आणि तिथे तांदळाच्या दाण्याएवढा एक गोल फास वर आलेला दिसत होता. तारेला कान होता.

त्याने दिवा विझवला, पुन्हा लावला. कान तिथेच होता, आणि बोर्डाच्या कोपऱ्यात काजळीखालून मशीनचं नाव वर आलं होतं: पाणबुड्या. त्याने खुर्ची मागे सरकवली. समोर भिंतीवर तीन पिनबॉल मशीनच्या पाठी उघड्या टांगलेल्या, त्यांच्या वायरींची जुडगी लोंबत होती, आणि चौथ्या मशीनचा पोलादी गोळा टेबलाच्या कडेला एका बाटलीच्या झाकणात ठेवलेला होता. सगळं कालच्यासारखंच होतं. फक्त त्याच्या पाठीच्या कण्यातून कोणीतरी सावकाश काहीतरी ओढून काढतंय असं त्याला वाटलं, आणि त्रेसष्ट वर्षांचा थकवा एकदम खांद्यांवर येऊन बसला. रागही नाही, भीतीही नाही. नुसता थकवा. माणूस जिना चढून वर आला आणि कळलं की घर खालच्या मजल्यावर होतं, तसा.

कान ठेवायची रीत वस्तादांची. फ्यूज हा यंत्रातला सगळ्यात अशक्त भाग, मुद्दाम अशक्त ठेवलेला. कुठेही काही बिघडलं तर पहिल्यांदा मरायचं त्याने, म्हणजे बाकीचे जगतात. नवा फ्यूज लावावा, तो पुन्हा उडावा, पुन्हा लावावा, पुन्हा उडावा, असं झालं की अर्धा मिनिट फ्यूजच्या जागी तार टाकायची, वीज सोडायची, आणि कुठला ट्रान्झिस्टर तापतो ते बोटाने चाचपायचं. चोर सापडला की तार काढायची. हे पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही, आणि लिहू नयेच. वस्ताद म्हणायचे, तात्पुरती तार कधी सपाट लावू नकोस. तिच्या एका टोकाला कान काढ. म्हणजे चिमटा आत घालून ओढता येते, आणि दुसरं म्हणजे, विसरलास तर तीच कान वर करून तुला हाक मारते. वस्ताद जाऊन तीस वर्षं झाली. त्यांच्या हाताखाली शिकलेले दोघे, एक परदेशी गेला आणि एक हा. या शहरात तारेला कान काढणारा हात एकच उरला होता. धाकट्या भावाला त्याने शंभरदा शिकवलं असेल, पण बारक्याला त्यात कधी राम वाटला नाही. "दादा, तुझ्या तारा म्हणजे कपडे वाळत घालायच्या दोऱ्या," असं म्हणून तो आपली तार सपाट, सुबक, झुरळ बसल्यासारखी चिकटवून टाकायचा. कितीही घाईत असला तरी सपाट.

बारक्या आता एक्कावन्न वर्षांचा, केस याच्याहून पांढरे, तरी घरात तो बारक्याच. चौदा वर्षांपूर्वी दोघे एकाच टेबलाला बसायचे, हा खिडकीकडे, बारक्या दाराकडे. लोक म्हणायचे थोरला हात स्वच्छ आणि धाकटा हात जलद. जलद या शब्दात काय काय येतं ते सगळ्यांना कळायचं. बारक्याला "चालतंय" म्हणायची सवय होती. स्क्रू एक कमी असला तरी चालतंय, रंग दुसरा लागला तरी चालतंय. त्यामुळे त्या दिवशी चित्रपटगृहाच्या तळघरातल्या खेळघरातून मालकाचा फोन आला, पाणबुड्याचं मशीन पेटलं म्हणून, आणि दोघे धावत गेले, तेव्हा काय झालं असेल हे त्याला जिन्यातच कळल्यासारखं झालं होतं. खाली धूर, लाकूड आणि वार्निश जळाल्याचा तो गोड वास, आणि नाणी सुटी करून देणारी बाई खुर्चीत बसलेली, उजवा हात ओल्या फडक्यात गुंडाळून. तिने आग बघून मशीनच्या मागे हात घालून प्लग उपटला होता. त्याने पाठ उघडली, धुरातच आत डोकावून पाहिलं. काजळीत फ्यूजवर आडवी तार होती. एक कॉइल अडकून तापत राहिली, फ्यूजने मरायचं ते तो नव्हताच, म्हणून बाकीचं जळलं. सरळ गणित. "लाल तार टाकलीय फ्यूजवर," तो ओरडला होता, "लाल तार, बघा." मालकाने विचारलं, तुमच्यापैकी कोणी? आणि त्याने श्वास घ्यायच्या आधी सांगितलं, "बारक्यानं."

एवढंच. विचार केला नव्हता, खोटं बोलला नव्हता. खोटं बोलायला आधी खरं ठाऊक असावं लागतं. त्याला बारक्या ठाऊक होता, तेवढं पुरलं. बारक्या मागे हत्यारांची पेटी धरून उभा होता. त्याने एकदा बोर्डाकडे पाहिलं, एकदा बाईच्या हाताकडे, आणि म्हणाला, "असेल." त्या "असेल"ला थोरल्याने कबुली धरलं. मग त्याने त्याला बाईसमोर उभं केलं आणि सगळ्यांच्या देखत माफी मागायला लावली. बारक्या वाकला तेव्हा त्याच्या शर्टाची कॉलर मागून उलटी झालेली होती, हे आता चौदा वर्षांनी त्याला स्पष्ट आठवलं. संध्याकाळी जिन्याखाली त्याने सांगितलं, "उद्यापासून येऊ नकोस. या कामात माणसं मरतात." बारक्या आला नाही. बाईची दोन बोटं पुढे वाकेनाशी झाली. मशीन मालकाने भंगारात काढलं, खेळघर बंद पडलं, आणि पाणबुड्याचं ते मशीन कुठून कुठे फिरत शेवटी दातांच्या डॉक्टरच्या हाती लागलं, ज्याला सकाळी लोकांच्या दाढा काढायच्या आणि संध्याकाळी जुनी मशीनं जमवायची एवढे दोनच शौक होते.

त्याने पुन्हा भिंग ओढलं. कानाच्या आतल्या बाजूला, जिथे आच पोचली नव्हती, तिथे तारेवरचं प्लास्टिक तीळभर शाबूत होतं. त्याने स्पिरिटचा एक थेंब टाकला, कापसाने टिपलं. प्लास्टिक पांढरं होतं. त्या तळघरात सगळीकडे लाल दिवे असायचे, पोरांना आवडतात म्हणून मालकाने लावलेले. त्या उजेडात आपला स्वतःचा हातसुद्धा लाल दिसे. म्हणजे लाल तार कधी नव्हतीच. आणि लाल तारेची गोष्ट त्याने किती ठिकाणी सांगितली होती. धंद्यातल्या नव्या माणसांना, गिऱ्हाइकांना, पुतणीच्या लग्नात जेवणाच्या टेबलावरसुद्धा. शेवटी तिला हसण्याच्या जागाही तयार झाल्या होत्या. पुतणी म्हणजे बारक्याचीच मुलगी. तोही टेबलाच्या टोकाला बसून हसला होता, सगळ्यांपेक्षा अर्धा सेकंद उशिरा.

आपण ती तार कधी टाकली हे आठवायचा त्याने फार प्रयत्न केला. तो आठवडा आठवला: बायकोची शस्त्रक्रिया, दवाखान्यातल्या बाकावर काढलेल्या रात्री, सकाळी तिथूनच सरळ कामावर. पाणबुड्याच्या मशीनचा फ्यूज सारखा उडतो अशी तक्रार होती, हेही आठवलं. पण तार कापली, टोक वळवून कान काढला, सोल्डरचा थेंब टाकला, मग कोणीतरी हाक मारली किंवा फोन वाजला आणि पाठ बंद केली, यातलं काही म्हणता काही आठवेना. जिथे आठवण असायला हवी तिथे पुसून काढलेली फरशी. दुसऱ्याचं काम असतं तर त्याने एका शिवीत निकाल लावला असता. आपलं आहे आणि आठवत नाही, याचाच त्याला जास्त शिणवटा आला. चिमटा हातात होता. त्याने टोक कानात घातलं. कान त्यासाठीच असतो. जरा ओढलं असतं तर तार सुटून आली असती, टोपलीत गेली असती, फ्यूजची नवी बैठक बसवून बोर्ड डॉक्टरला दिला असता, आणि लाल तारेची गोष्ट जशी आहे तशी पुढे चालू राहिली असती. तो बराच वेळ चिमटा तसाच धरून बसला. मग फोन वाजला.

"काय म्हणतोय आमचा पेशंट?" दातांचा डॉक्टर म्हणाला. "सापडली का कीड?"

"सापडली."

"आधीच्या कोणीतरी घाण करून ठेवली असणार. नेहमीचंच."

"हो," तो म्हणाला. "आधीच्याच कोणीतरी." आणि फोन ठेवल्यावर त्याला स्वतःचीच किळस आली. चिमटा त्याने बाजूला ठेवला.

दुपारी जेवताना बायकोने दोनदा भाजी वाढली आणि दोन्ही वेळा त्याने नको म्हणूनही खाल्ली. "अहो, जेवताना ताटाकडे बघावं, भिंतीकडे नाही," ती म्हणाली. तेव्हा त्याने सांगितलं. कान, पांढरी तार, सगळं. तिने मध्ये तोंड घातलं नाही. एरवी ती वाक्य पुरं होऊ द्यायची नाही. सांगून झाल्यावर तिने ताटातले कण एका बाजूला केले. "माझ्याच दुखण्याचा आठवडा ना तो," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने: "त्याला सांगायला जाणार, की स्वतःला हलकं करायला?"

"दोन्हींत फरक काय?"

"तुम्हाला नाही कळायचा. त्याला कळेल."

"मग नको जाऊ?"

"नको कुठे म्हटलं मी? जा. पण तिथे जाऊन रडत बसू नका. त्याने तुमची समजूत काढायची म्हणजे हद्द झाली."

पडद्यांचं दुकान तीन चौक पलीकडे होतं. चौदा वर्षांत तो तिथे दोनदा गेला असेल, एकदा पडदे घ्यायला आणि एकदा पाऊस लागला म्हणून. बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत धरला होता. चालता चालता तो वाक्यं जुळवत होता, आणि प्रत्येक वाक्य चौक ओलांडेपर्यंत शिळं होत होतं. बारक्या, माझी चूक झाली. चूक हा शब्द फार लहान वाटला. बारक्या, तुझी चूक नव्हती. हे तर त्याला ठाऊकच असेल, माणसाला आपण काय केलं नाही हे ठाऊक नसतं का? आणि ठाऊक असून तो चौदा वर्षं गप्प राहिला असेल, तर तो का गप्प राहिला, हा प्रश्न त्याच्या पायात आला. आपल्यासाठी? थोरल्याचं नाव जाऊ नये म्हणून? तसं असेल तर या माणसाच्या पायांवर डोकं ठेवलं पाहिजे, आणि ते आपल्याच्याने होणार नाही. त्यापेक्षा त्याने दोन थोबाडीत द्याव्यात. बरं वाटेल. मग बायकोचं बोलणं आठवलं आणि बरं वाटण्याचा विचार त्याने सोडून दिला. एका पायरीपाशी थांबून त्याने दम खाल्ला. परत फिरायला अजून जागा होती, तेही त्याने मोजून पाहिलं.

बारक्या मोठ्या टेबलावर निळं कापड पसरून फूटपट्टीने मोजत होता. मोजलं, खडूची खूण केली, पुन्हा मोजलं, खूण बरोबर आहे ना पाहिलं, आणि तिसऱ्यांदा मोजलं. मग कात्री घेतली. ते तिसरं मोजणं तो दारातूनच बघत होता. चालतंय म्हणणारा माणूस या दुकानात कुठे नव्हताच.

"दादा?" बारक्याने कात्री खाली ठेवली. "कोणाला बरं नाही का?"

"सगळे बरे आहेत."

"मग तू कसा इकडे? बस ना. चहा सांगू?"

"नको. हे दाखवायला आलो." त्याने पुडकं टेबलावर ठेवलं. वर्तमानपत्राच्या फटीतून बोर्डाची एक काळी कड बाहेर आली होती. बारक्याने ती ओळखली असावी, कारण तो एक पाऊल मागे झाला आणि त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले. दुकानातले दिवे जुने होते. एक बंद होता, बऱ्याच दिवसांचा असावा. बारक्या विजेला हात लावत नाही, घरीसुद्धा दिवा गेला तर मुलगी येऊन बदलते, असं भावजय कधीतरी हसत म्हणाली होती. तेव्हा थोरलाही हसला होता.

"ते इथे नको, दादा," बारक्या म्हणाला. "कापड आहे सगळं."

"त्यात वीज नाहीये बारक्या. पाणबुड्याच्या मशीनचा बोर्ड आहे. माझ्याकडे आला फिरत फिरत."

"कळलं मला. मग मी काय करू?"

"ती तार तू लावलेली नव्हतीस. मी लावली होती."

बारक्या चक्क हसला, थकलेलं, मायेचं. "दादा, एवढ्या वर्षांनी माझी समजूत काढायला आलास होय? वहिनीनं पाठवलं का? जाऊ दे. मी केव्हाच मिटवलंय ते."

"समजूत नाही काढत. खरं सांगतोय."

"अरे, मला आठवतं ना." तो अगदी शांतपणे म्हणाला, लहान मुलाला समजावावं तसं. "तू दवाखान्यात जायच्या गडबडीत होतास. मी म्हटलं होतं, तू जा, मी बघतो. मग मी लाल तारेचा तुकडा कापला, खिडकीपाशी उभा राहून, आणि सोल्डर अंगठ्यावर पडलं. इथे. तेवढ्यात कोणीतरी आलं आणि राहिलं ते काढायचं. रोज आठवतं मला. रोज म्हणजे रोज." त्याने अंगठा पुढे केला. अंगठ्यावर काहीच नव्हतं, पण तो तिथे बोट ठेवून दाखवत होता, आणि बोट बरोबर एकाच जागी जात होतं.

"लाल?" त्याने विचारलं.

"लाल. तूच तर बघितलीस."

रस्त्यात जुळवलेलं सगळं विरून गेलं. हा गप्प राहिला नव्हता. त्याने काही झाकलं नव्हतं, काही सोसलंही नव्हतं थोरल्यासाठी. त्याने नुसता विश्वास ठेवला होता, दादा म्हणतो म्हणजे असेल, आणि त्या "असेल"भोवती एक खिडकी, एक गडबड, एक भाजलेला अंगठा असं एक एक आणून ठेवत अख्खी आठवण उभी केली होती. त्याने पुडकं सोडलं. बोर्ड निळ्या कापडावर ठेवला आणि काही न बोलता पांढऱ्या जागेवर नख टेकवलं.

बारक्या आधी लांबूनच बघत होता. मग जवळ आला. खिशातून चष्मा काढला, पुसला, घातला. चौदा वर्षांनी त्याचा हात बोर्डाकडे गेला आणि वाटेत थांबला, पुन्हा गेला. त्याने तारेच्या टोकाला बोट लावलं.

"पांढरी आहे," तो म्हणाला.

"हो."

"कान आहे हिला."

"हो."

"मी कधी कान काढला नाही."

"नाही. कधीच नाही."

बारक्या स्टुलावर बसला. आता तो ओरडेल, असं याला वाटलं. ओरडावं असं फार वाटलं. दुकानाच्या दारात एक बाई येऊन पडद्यांच्या कड्या आहेत का म्हणून विचारून गेली, आणि बारक्याने मान हलवून नाही म्हटलं, जरी कड्यांचा खोका तिच्यासमोरच होता. "मी दर महिन्याला जायचो त्या बाईंकडे," तो म्हणाला. "सुट्या नाण्यांच्या. त्यांना डबे उघडता यायचे नाहीत त्या हाताने. मी महिन्याचे सगळे डबे सैल करून द्यायचो. त्या गेल्या तोपर्यंत. घरी कोणाला सांगितलं नव्हतं."

"मला ठाऊक नव्हतं."

"तुला कसं असणार." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर धरायला काहीतरी मिळालं असतं. बारक्या आपल्या अंगठ्याकडे बघत होता, उलटासुलटा करून, उजेडाकडे धरून, एखादी वस्तू परत करायच्या आधी गिऱ्हाईक बघतं तसा. याला बायकोचं बजावणं आठवलं आणि याने डोळे कोरडे ठेवले. माफ कर म्हणायची वेळ हीच होती. तो म्हणालाही. "माफ कर बारक्या." बारक्याने मान हलवली, पण त्याचं लक्ष तिथे नव्हतं. तो कपाळाला आठ्या घालून काहीतरी शोधत होता.

"मग दादा," थोड्या वेळाने तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फार लहान झाला होता, "मी त्या दिवशी काय करत होतो?"

त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं. तो आठवडा पुन्हा डोळ्यांसमोर आणला, दवाखान्याचा बाक, जिना, टेबल, दाराकडची खुर्ची. खुर्चीत कोणी बसलेलं होतं की नव्हतं तेही त्याला दिसेना.

"माहीत नाही," तो म्हणाला. "तेव्हा मी तुला विचारलंच नव्हतं."